वारसा यादीवरील हरकत

एखादी वास्तू वारसा यादीत घेण्यास, तिची श्रेणी बदलण्यास किंवा तिला यादीतून वगळण्यास लेखी विरोध नोंदविण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात तिचा पाया मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने घातला. यादीत भर घालणे वा त्यातून नाव काढणे शासनाच्या हाती असले, तरी त्याआधी जनतेच्या हरकती-सूचना मागवून विचारात घ्याव्या लागतात. हरकत मालकानेच घ्यावी असे नाही. शेजारी, भाडेकरू, अभ्यासक कोणीही ती घेऊ शकतो.

सर्वांत गाजलेला प्रसंग २०१२ चा. मुंबईच्या यादीत ९४८ नव्या नोंदी प्रस्तावित झाल्या आणि शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांत खळबळ उडाली: पुनर्विकास अडला तर जुन्या इमारतींचे काय? हरकतींचा पाऊस पडला. फेरविचारासाठी दिनेश अफझुलपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हरकतीमागे बहुधा सौंदर्यदृष्टीपेक्षा चटईक्षेत्राचा हिशेब असतो, हे उघड गुपित आहे. तरी ‘नुकसान होईल’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. बांधकामाचे साल, जुने नकाशे, दर्शनी भागातले फेरफार दाखवावे लागतात.

वास्तू यादीत घेण्याच्या निकषांत सामाजिक-आर्थिक इतिहासही आहे. त्यामुळे १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ जिथे झाला, त्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला साधा पत्र्याचा कारखानाही तत्त्वतः यादीत बसू शकतो. मात्र ठाणे शहराला मुंबईची नियमावली नव्हे, २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे.