कानस न लावता जोडलेली कॅडिलॅक

लक्झरी गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेदर सीट, सनरूफ असलं काहीतरी येतं. पण अमेरिकेच्या कॅडिलॅकचं नाव झालं ते सुट्या भागांच्या ढिगामुळे. आणि तेही इंग्लंडमध्ये.

साल १९०८, ब्रुकलँड्सचा रेस ट्रॅक. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक पूर्ण खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. सगळे एकत्र मिसळले, वर त्यातले ८९ बाजूला काढून डीलरच्या स्टॉकमधले घातले. मग मेकॅनिकना सांगितलं, आता यातून तीन गाड्या उभ्या करा. हत्यारं साधीच, पाने आणि स्क्रूड्रायव्हर वगैरे. कानस लावायची नाही. गाड्या उभ्या राहिल्या, एकाच गाडीवर दोन-तीन रंग अशा अवतारात. वर प्रत्येकी ५०० मैल पळाल्यासुद्धा! याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? तर त्या काळी भारीतली गाडी म्हणजे कसबी फिटरने एकेक भाग घासून बसवलेली गाडी. एकीचा भाग दुसरीला बसेलच असं नाही. इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला लोखंडाचे दोन तुकडे घासून एकमेकांत बसवायचा जॉब केलेल्यांना हे लगेच कळेल. माझा तुकडा मित्राच्या तुकड्यात कधीच बसला नसता. कोडिंगवाल्यांसाठी सांगायचं तर, इंटरफेस पक्का असेल तर आतलं मॉड्यूल कोणाचंही चालतं. कॅडिलॅकने तेच लोखंडात करून दाखवलं.

यामागचा माणूस हेन्री लीलंड. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तो स्प्रिंगफील्डच्या सरकारी बंदूक कारखान्यात होता, पुढे ब्राउन अँड शार्पमध्ये. तिथे इंचाच्या हजाराव्या भागात मोजायची सवय लागली, ती त्याने मोटारीत आणली. आणि गंमत बघा, ब्रुकलँड्सच्या त्या गाड्या एका सिलिंडरच्या होत्या, कंपनीच्या सगळ्यात महागड्या नव्हेत. मला तर हेच जास्त आवडतं.

लीलंडची दुसरी चिंता होती हँडल. तेव्हा गाडी पुढून हँडल फिरवून सुरू करायची. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटं फिरायचं, आणि मनगट मोडायचं. यावर उत्तर शोधलं डेटनच्या चार्ल्स केटरिंगने. आधी त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या मशिनला, म्हणजे कॅश रजिस्टरला, इलेक्ट्रिक मोटर बसवली होती. इंजिन फिरवायला भलीमोठी मोटर लागेल, असं जाणकार म्हणत. केटरिंगचा हिशोब वेगळा होता. मोटर काही सेकंदच चालणार ना? मग छोट्या मोटरवर तेवढ्यापुरता जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. शिवाय इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची. हल्लीच्या माइल्ड हायब्रिडमधला इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर ऐकलाय? कल्पना तीच.

१९१२ च्या मॉडेलपासून कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला, सोबत विजेचे दिवेही. ड्यूअर ट्रॉफी पुन्हा कॅडिलॅककडे.

हँडलची कटकट नको म्हणून तेव्हा बरेच लोक बॅटरीवरची इलेक्ट्रिक गाडी घ्यायचे. स्टार्टर आल्यावर त्या गाड्यांचा हा मोठा फायदा गेला. पण त्यांची कहाणी पुढच्या भागात.