शेतातलं खत, नदीचं पाणी आणि सरकारचं अनुदान

आज आपल्या काटेपूर्णेबद्दल बोलू. ही नदी वाशीमजवळच्या काटा गावाकडून निघते, मालेगाव तालुक्यातून उत्तरेला जाते आणि अकोला जिल्ह्यात महानच्या धरणात अडते. अकोला शहर ते पाणी पितं. आपल्या धुऱ्यावरून पहिल्या पावसात जी माती, जे खत, जे औषध ओघळून नाल्यात जातं, ते कुणाच्या तरी हंड्याकडेच निघालेलं असतं.

आपल्या आज्यांच्या काळी वावरात उकिरड्यावरचं शेणखत पडायचं. 1964 च्या सुमारास संकरित ज्वारी आली. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. धान्याची टंचाई खरीच होती, म्हणून त्या बियाण्याला आपण नावं ठेवत नाही. पण ते खत मागायचं. 1977 पासून केंद्र सरकार खत कारखान्यांना किमतीतला फरक भरून देऊ लागलं आणि युरिया स्वस्त राहिला. स्वस्त वस्तू सढळ हातानं पडते. पिकानं न घेतलेलं नत्र पावसाबरोबर वाहतं. तळ्यात शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासोळ्या मरतात.

कायदा नव्हता असं नाही. महाराष्ट्रानं 1969 मध्येच जलप्रदूषणाचा कायदा केला, 1970 मध्ये मंडळ नेमलं. केंद्राचा कायदा 1974 चा. पण या सगळ्यांची नजर कारखान्याच्या सांडपाण्यावर. कारखान्याचा पाइप दिसतो, मालकाला नोटीस देता येते. हजार वावरांतून झिरपणाऱ्या पाण्याची नोटीस कुणाच्या नावानं काढायची? हा पेच जगभर पडला. युरोपातल्या देशांनी 1991 मध्ये शेतातल्या नायट्रेटसाठी वेगळा नियम केला. आपल्याकडे वाट निघाली ती अनुदानाची, तीही आडवळणानं.

1983 पासून राज्यात सर्वंकष पाणलोट विकासाची कामं सुरू झाली. बांध घातले ते माती आणि पाणी अडवायला; त्यात खतही अडलं, हा वरकड फायदा. 2015 मध्ये तीन गोष्टी आल्या: मातीची आरोग्य पत्रिका, सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप (त्यानं नत्र हळूहळू सुटतं), आणि परंपरागत कृषी विकास योजना. मग 2017 उजाडलं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. पुढच्याच वर्षी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी, वाशीम धरून, डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन अकोल्याहून सुरू झालं. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जावरचा पोकरा प्रकल्पही आला. रुंद वरंबा सरीवर सोयाबीन पेरायचा आग्रह सगळ्यांनी ऐकला असेल. पाणी सरीत मुरतं, वावर धुऊन निघत नाही.

आता आमचं मत सांगतो. एका हातानं युरिया स्वस्त ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं तो कमी टाका म्हणून पैसे द्यायचे, यात पहिला हात फार मोठा आहे. दुसरं, योजना पोचते ती सातबारावरच्या नावाला. निंदण आपण करतो, फवारणीचं पाणी आपण भरून देतो, औषधाचे कपडे आपण धुतो. नाव मात्र बहुतेक घरांत आपलं नसतं.

परंपरागत शेतीच्या योजनेत एक फट आपल्या कामाची आहे. ती एकट्यादुकट्याला नाही, गटाला मिळते. साधारण 50 एकरांचा सलग पट्टा लागतो. प्रमाणपत्रासाठी गटातलीच माणसं एकमेकांची शेतं तपासतात. कुणाच्या वावरात रात्री तणनाशक पडलं, हे गावातल्या बायांना जितकं कळतं तितकं बाहेरच्या अधिकाऱ्याला कळणार नाही. म्हणून कृषी सहायक गावात आला की गटानं दोनच गोष्टी विचारायच्या: आपल्या शिवारात असा पट्टा मंजूर आहे का, आणि तपासणी करणाऱ्यांच्या यादीत बायांची नावं किती आहेत.