धावणाऱ्यांच्या दुखापती : दुखणे अंगावर काढू नये

नाशिकला धावण्याचे वेड नवे नाही. हरसूल परिसरातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी भोसला सैनिकी शाळेच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्य, तर त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. संजीवनी जाधव, मोनिका आथरे ही नावेही याच मातीतली. आज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेल्यास पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली, अर्धमॅरेथॉनचे वेध लागलेले पन्नाशीचे व्यावसायिक आणि शालेय स्पर्धांचे खेळाडू एकाच वेळी धावताना दिसतात. वय व हेतू वेगळे असले तरी त्यांच्या दुखापती मात्र बऱ्याच अंशी सारख्याच असतात.

क्रिकेट किंवा कबड्डीत दुखापत बहुधा एका क्षणात होते. धावणाऱ्याचे तसे नसते. त्याची दुखापत आठवडेच्या आठवडे साचत जाते. नियमित सरावाने दम काही आठवड्यांतच वाढतो. परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना तो भार पेलण्याइतके बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून माणूस अंतर वाढवीत जातो आणि पाय मागे पडतात. बहुतेक दुखण्यांचे मूळ येथे आहे.

नडगीचे दुखणे

नव्याने धावू लागलेल्यांची सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे नडगीच्या आतील कडेने होणारी ठणक. यास ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात. दुखरा भाग साधारणपणे चार-पाच बोटांहून अधिक लांब पसरलेला असतो. सुरुवातीला दुखते, अंग गरम झाल्यावर कमी होते आणि धावणे थांबविल्यावर पुन्हा जाणवते. दोन-तीन आठवडे धावणे कमी करून सायकल वा पोहण्याचा पर्याय घेतल्यास, तसेच पोटरीचे व्यायाम केल्यास बहुतेकांना आराम पडतो.

मात्र हेच दुखणे रेटत नेल्यास हाडाला बारीक चीर जाऊ शकते. हा ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने १८५५ मध्ये लांब पल्ल्याच्या संचलनानंतर सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले, तेव्हापासून हा विकार वैद्यकास ठाऊक आहे. क्ष-किरण तंत्राचा शोध लागल्यावर त्या सुजेमागे हाडाची चीर असल्याचे उघड झाले. अल्पावधीत एकदम भरपूर धावू लागणाऱ्या भरतीच्या उमेदवारांचा धोका याच जातीचा असतो. पुरुषांना १६०० व महिलांना ८०० मीटरची चाचणी असते आणि त्यातील गुणांवर निवड अवलंबून असल्याने दुखणे लपविण्याकडे कल असतो.

दोन्हींतील फरक ओळखता येतो. चिरीचे दुखणे बोटाने दाखविता येईल इतके एका जागी असते, धावताना कमी न होता वाढत जाते आणि पुढे चालताना किंवा रात्री झोपेतही छळते. त्या पायावर उडी मारली की कळ येते. येथे एक फसगत होते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही चीर बहुधा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा मैदानात उतरणे त्यामुळे धोक्याचे असते. शंका असल्यास एमआरआय तपासणी उपयोगी पडते. नडगीची चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. धावताना जांघेत खोलवर दुखत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल आणि ती पूर्ण तुटली, तर शस्त्रक्रिया अटळ ठरते व कायमचे अपंगत्वही येऊ शकते.

मुलींच्या बाबतीत

धावणाऱ्या मुलींची पाळी थांबली की ‘सराव जास्त झाला, असे व्हायचेच’ असे सर्रास सांगितले जाते. हा समज घातक आहे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की शरीर प्रथम पाळी थांबविते आणि त्याबरोबर हाडांची बळकटीही घटू लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला स्वतंत्र नाव देऊन तिचे गांभीर्य मान्य केले. ती मुलांमध्येही आढळते. सलग तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. हिमोग्लोबिन व ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्यावी. पेठ-सुरगाण्याकडची नागली कॅल्शियमच्या दृष्टीने उत्तम. तिच्या भाकरीला डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांची जोड हवी. पण पदार्थ कोणते यापेक्षा पोटभर मिळते की नाही, हा प्रश्न पहिला. वसतिगृहात राहून दोन वेळ सराव करणाऱ्या मुलीला इतरांइतकेच ताट पुरणार नाही.

घोटा मुरगळल्यास

येथे घरगुती उपायांनी बरेच नुकसान होते. मुरगळल्याबरोबर गरम शेक देणे, तेल लावून चोळणे किंवा हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे पहिले दोन-तीन दिवस कटाक्षाने टाळावे; त्याने आतील रक्तस्राव व सूज वाढते. आंबेहळदीचा लेप लावण्यास हरकत नाही, पण त्यावर करकचून पट्टी बांधू नये.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंचावर ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. त्यांनीच २०१४ मध्ये, बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते, असे लिहून आपले मत बदलले. त्यामुळे बर्फ केवळ वेदनाशमनासाठी, फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटेच लावावा आणि सोसेल तितकी हालचाल दोन-तीन दिवसांत सुरू करावी.

एक्स-रे हवा की नको, हे ठरविण्यासाठी कॅनडातील ओटावा शहरात तयार झालेले निकष जगभर वापरले जातात. चार पावलेही टाकता न येणे, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागील कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखणे, पावलाच्या बाहेरील कडेच्या मध्यावर अथवा आतील कमानीच्या वरच्या हाडावर दुखणे, यांपैकी काहीही असल्यास एक्स-रे काढावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. त्यासाठी दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा साधा सराव पुढील दोन-तीन महिने चालू ठेवावा.

गुडघा आणि टाच

गुडघ्याच्या वाटीमागचे दुखणे जिने किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना अधिक जाणवते. त्यावर गुडघ्याच्या पट्ट्यापेक्षा मांडी व नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम अधिक गुणकारी ठरतात. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखे होत असेल, तर तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. तळवा व पोटरी ताणण्याचे व्यायाम नेमाने करावेत.

टाचेमागच्या जाड कंडरेच्या दुखण्यावरील व्यायामाची कथा गमतीची आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद हाकन आल्फ्रेडसन यांची स्वतःची कंडरा दुखत होती आणि वरिष्ठांनी शस्त्रक्रियेस नकार दिला. कंडरा एकदाची तुटावी या हेतूने त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम सपाट्याने सुरू केला आणि ते बरे झाले! त्यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली बारा आठवड्यांची ही पद्धत आजही वापरली जाते.

प्रतिबंध

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत थेट धावू नये. दहा मिनिटे भरभर चालणे व हलके धावणे आवश्यक. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. महागड्या बुटांना जाहिरातीत मिळते तेवढे श्रेय प्रत्यक्षात देता येत नाही. पायाला आरामदायी वाटणारा बूट पुरेसा आहे. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये असे सांगितले जाते. मात्र पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी घेतलेली मोठी उडी घातक ठरल्याचे दिसले. महिनाभरात कधी आठ किलोमीटरपुढे न गेलेल्याने मित्रांच्या आग्रहाखातर रविवारी पंधरा धावू नयेत.

वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा आणखी एक प्रकार. अशा गोळ्या, घामाने शरीर कोरडे पडलेले असताना, मूत्रपिंडांवर आघात करू शकतात. स्पर्धक खेळाडूंनी तर अधिकच जपावे. उत्तेजकविरोधी नियमांनुसार २०२२ पासून स्टेरॉइडची सर्व इंजेक्शने स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत आणि २०२४ पासून ट्रॅमाडॉलही. इंजेक्शन घेण्यापूर्वी आपण खेळाडू आहोत, हे डॉक्टरांना सांगणे खेळाडूचेच काम आहे.

दुखापतीनंतर परतताना प्रथम अर्धा तास न दुखता चालता आले पाहिजे. त्यानंतर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी सुरुवात एक दिवसाआड करावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळले, तर आधीच्या टप्प्यावर परत जावे.