क्लास लावला, हात बसला का?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता सोळाच्या आसपास पोचली आहेत. त्यामुळे इथे कोक्विटलाममध्ये चार मराठी घरं जेवायला जमली की एक प्रश्न हमखास निघतो, "काय, क्लास लावला का?" क्लास म्हणजे अर्थात गाडीचा. पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओत चकरा मारलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण शब्द जरा उलटून पाहिला तर त्यात गंमत आहे आणि थोडा धोकाही आहे.

आधी "लावणे" बघा. आपण डबा लावतो, पेपर लावतो, दुधाचा रतीब लावतो. एकदा पैसे ठरले की वस्तू रोज दारात येते, आपण फक्त घ्यायची. शिकवणी लावणे आणि क्लास लावणे त्याच रांगेतले. पुढचं क्रियापद "काढणे". तिकीट काढतो, रेशनकार्ड काढतो, तसंच लायसन्स काढतो. म्हणजे क्लास लावला, लायसन्स काढलं, काम फत्ते! यात "शिकलो" कुठेच नाही.

कायद्यानेही फार वेगळं सांगितलं नाही. 1988 चा मोटार वाहन कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्यात लर्निंग (सरकारी मराठीत "शिकाऊ अनुज्ञप्ती") सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. क्लासच्या गाडीला दुहेरी कंट्रोल बंधनकारक, म्हणजे ब्रेक शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखालीही असतो. गाडी आपण चालवली की त्यांनी, हे पहिल्यांदा एकटं बाहेर पडल्यावर कळतं. :-)

आता इकडचा शब्द. मुलं "ड्रायव्हर्स एड" म्हणतात. हा शब्द अमेरिकन हायस्कुलांतून आला. 1930 च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी एमस नेहार्ट नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने स्वतःच्या ग्रॅहम-पेज गाडीवर शाळेच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. पुढे ही कल्पना अमेरिकाभर पसरली आणि गाडी चालवणं हा शाळेचा विषय झाला. गृहीतक सरळ होतं: नीट शिकवलं की अपघात कमी होतील.

ते तपासायला जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीत 1970 च्या दशकाच्या शेवटी मोठा प्रयोग झाला. सुमारे 16,000 मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं. एका गटाला भरपूर तासांचा उत्तम कोर्स, दुसऱ्याला जुजबी, तिसऱ्याला काहीच नाही. पहिले काही महिने कोर्सवाल्यांचे अपघात किंचित कमी दिसले, पण फरक टिकला नाही. अभ्यासक्रमावर एवढी मेहनत घेऊन हा निकाल! ड्रायव्हर्स एडवरचा विश्वास तिथून डळमळला.

मग दुसरा विचार पुढे आला, टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याचा. न्यूझीलंडने 1987 मध्ये सुरुवात केली, ऑन्टॅरिओने 1994 मध्ये, आणि आपल्या ब्रिटिश कोलंबियाने 1 ऑगस्ट 1998 पासून. इथल्या गाड्यांमागची लाल "एल" आणि हिरवी "एन" ही अक्षरं त्या पद्धतीची. "एल" तशी जुनी, ब्रिटनमध्ये 1935 साली परीक्षा सक्तीची झाली तेव्हापासूनची, आपल्याकडेही तीच. "एन" म्हणजे नवशिका: परीक्षा पास, पण अजून पूर्ण भरवसा नाही. आपल्याकडे कच्चं आणि पक्कं यांच्यामध्ये अशी पायरीच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. 1998 च्या नियमात मान्यताप्राप्त कोर्स केला तर "एल"ची सहा महिन्यांची मुदत तीनवर येई. आयसीबीसी लायसन्सही देते आणि अपघाताचे विमादावेही तिच्याकडेच येतात, त्यामुळे कुणाला सवलत मिळाली आणि कुणाचे अपघात झाले हे ताडून पाहणं तिला शक्य होतं. (ही सरकारी विमा कंपनी 1973 मध्ये काढली ती डेव्ह बॅरेट यांच्या सरकारने, आणि बॅरेट तेव्हा आमच्या कोक्विटलामचेच आमदार होते. 1975 ला इथेच अवघ्या 18 मतांनी पडले!) सुरुवातीच्या वर्षांच्या मूल्यमापनात दिसलं की कोर्स करून मुदत घटवून घेतलेल्यांचे अपघात इतरांपेक्षा कमी नव्हते, उलट जास्त होते. यावरून कोर्स वाईट असं म्हणता येत नाही. घाई असणारेच कोर्सकडे वळत असतील, लवकर सुटल्यामुळे जास्त फिरतही असतील. पण क्लासचे तास सरावाच्या महिन्यांची जागा घेत नाहीत, एवढं त्यातून नक्की निघतं.

ऑक्टोबर 2003 मध्ये नियम बदलले. "एल" बारा महिन्यांची झाली, शेजारी बसणारा पंचवीस वर्षांचा किंवा मोठा हवा असं ठरलं, "एन" चोवीस महिन्यांची झाली आणि कोर्सची सवलत "एल"वरून काढून "एन"च्या शेवटी नेली. म्हणजे सुरुवातीची शिकण्याची मुदत कुणालाच कापता येईना. (त्यानंतरही बदल झाले आहेत, तेव्हा ताजे नियम आयसीबीसीकडेच बघावेत.)

हे सगळं वाचताना मला आपलाच एक जुना शब्द आठवत राहिला: हात बसणे. तबल्यावर बसतो, टायपिंगवर बसतो, पोळ्या लाटायला बसतो, तसा स्टिअरिंगवरही बसतो. क्लास लावता येतो, लायसन्स काढता येतं, पण हात आपणहून बसतो आणि त्याला वेळ लागतो. डीकॅल्बच्या हजारो मुलांनी जे दाखवलं ते आपल्या आज्या पोळपाटापाशी सांगत होत्या.

म्हणून कोर्सचे पैसे जरूर भरा. शोल्डर चेक, शाळेजवळचा तीसचा वेग, चौकात कुणी आधी जायचं, हे तिथे आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात. आपण भारतातून पक्कं लायसन्स घेऊन आलो आणि दोन वर्षांचा अनुभव दाखवून थेट मुख्य परीक्षेला बसलो. "एल"-"एन" आपल्या वाट्याला आलंच नाही. त्यामुळे मुलांनाही ते लवकर संपवायची घाई लावण्याकडे आपला कल असतो. आयसीबीसी "एल"च्या काळात किमान 60 तास सराव सुचवते. तो बऱ्याच घरांत आई-बाबांनाच शेजारी बसून करून घ्यावा लागतो: पावसात, अंधारात, लोहीड हायवेच्या गर्दीत आणि मरिनर वेच्या उतारावर. आणि आपल्या पायाखाली मास्तरांसारखा ब्रेक नसतो!

तेव्हा पुढच्या जेवणाला "क्लास लावला का?" बरोबर "किती तास झाले?" हेही एकमेकांना विचारू या.

चूक-भूल द्यावी घ्यावी.