ऊब पिसांची की हवेची?

रजई गरम असते, असे आपण सर्वच जण म्हणतो. पण थंडीच्या रात्री कपाटातून काढलेल्या रजईत तापमापक गुंडाळून तासभर ठेवला, तर तो खोलीचेच तापमान दाखवतो. पारा वर चढत नाही. मग ऊब येते कोठून? वर्गात हा प्रश्न विचारला की ‘लोकरीत उष्णता असते’, ‘पिसे गरम असतात’ अशी उत्तरे हमखास येतात. या उत्तरांना हसण्याचे कारण नाही. माणसाने हजारो वर्षे उबदार पांघरुणे वापरली, पण ती उबदार का, हे मोजून पाहण्याची बुद्धी त्याला फार उशिरा झाली. मोजल्यानंतरही ते पटायला आणखी बराच काळ गेला. पक्ष्यांच्या मऊ पिसांनी भरलेल्या दुलईचा इतिहास हेच सांगतो.

ही मऊ पिसे म्हणजे आपण पाहतो ती लांब, मधोमध दांडी असलेली पिसे नव्हेत. बदके आणि हंस यांच्या छातीवर, मोठ्या पिसांच्या खाली, कातडीलगत ती असतात. त्यांना दांडी जवळजवळ नसतेच. एका बिंदूपासून चहूकडे बारीक तंतू निघतात आणि त्या तंतूंना आणखी बारीक तंतू फुटतात. सावरीच्या म्हाताऱ्या हवेत तरंगताना आपण पाहतो, तसेच काहीसे त्यांचे रूप असते.

या पिसांत सर्वांत नावाजलेली पिसे आयडर बदकाची. उत्तर अटलांटिकच्या थंडगार किनाऱ्यांवर राहणारी आयडरची मादी स्वतःच्या छातीवरची पिसे उपटून घरट्यात अंथरते. अंडी सोडून ती थोडा वेळ बाहेर गेली, तरी या आच्छादनाखाली अंडी लवकर गार पडत नाहीत. आइसलंडमधील शेतकरी पिढ्यान् पिढ्या ही पिसे गोळा करत आले आहेत. पक्ष्याला मारून नव्हे, तर घरट्यातील पिसे काढून. त्या बदल्यात ते कोल्ह्यांपासून घरट्यांची राखण करतात. १८४७ साली तेथे कायद्यानेच आयडरला संपूर्ण संरक्षण मिळाले. एक किलो स्वच्छ पिसांसाठी सुमारे साठ-सत्तर घरटी लागतात, यावरून या पिसांच्या किमतीची कल्पना यावी. नॉर्वेतील वेगा द्वीपसमूहात तर लोक आयडरसाठी मुद्दाम निवारे बांधत. या परंपरेमुळेच २००४ साली तो द्वीपसमूह जागतिक वारसास्थळांच्या यादीत आला.

या शेतकऱ्यांना पिसांचा गुण अनुभवाने पुरेपूर माहीत होता. कारण शोधण्याचे काम मात्र एका वेगळ्याच माणसाने केले.

बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, हा १७५३ मध्ये अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या चाकरीत गेलेला गृहस्थ. तेथे सैन्याची व्यवस्था सुधारण्याचे काम त्याच्याकडे आले. सैनिकांना कोणते कापड द्यावे, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न. त्याने तो प्रयोगशाळेत नेला. काचेच्या गोळ्याच्या मध्यभागी त्याने तापमापकाचा फुगा बसवला. दोहोंमधील पोकळीत १६ ग्रेन, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, पदार्थ सारखा पसरून भरला. हे उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचे, मग बर्फाच्या पाण्यात बुडवायचे आणि पारा रेऑमूर मापाच्या ७० अंशांवरून १० अंशांवर, म्हणजे आपल्या सेल्सियस मापात ८७.५ वरून १२.५ अंशांवर, उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. इतका साधा प्रयोग!

पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापूस भरल्यावर १०४६, मेंढीची लोकर भरल्यावर १११८, कच्चे रेशीम भरल्यावर १२८४, आयडरची पिसे भरल्यावर १३०५ आणि सशाची लव भरल्यावर १३१५ सेकंद लागले. हे निष्कर्ष १७९२ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रम्फर्डला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

पुढचा प्रयोग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच पोकळीत रम्फर्डने आयडरची पिसे दुप्पट भरली, मग चौपट भरली. पिसांतच ऊब असती, तर वेळही त्या मानाने वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो १३०५ वरून १४७२ आणि नंतर १६१५ सेकंद एवढाच झाला. पिसे चौपट, पण वेळात वाढ जेमतेम पाव पट! म्हणजे पिसांचे वजन हे उबेचे खरे कारण नव्हते. पोकळीतील बहुतेक जागा हवेनेच व्यापलेली होती. पिसांचे काम त्या हवेला हलू न देण्याचे. मोकळी हवा तापून वर जाते, गार हवा तिची जागा घेते आणि या अभिसरणातून उष्णता निघून जाते. तंतूंच्या जाळ्यात अडकलेल्या हवेला हे करता येत नाही.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. रम्फर्ड याच्याही पुढे गेला आणि हवेतून उष्णतेचे वहन होतच नाही, असे त्याने ठरवून टाकले. हे चुकीचे होते. स्थिर हवेतूनही वहन होते, फक्त फार मंद. तसेच उष्णता प्रारणानेही जाते आणि तंतूंमुळे त्यालाही काहीसा अडथळा होतो, हे त्याने या प्रयोगांत हिशेबात धरले नव्हते. स्पष्टीकरण अर्धवट ठरले, पण मोजलेले सेकंद आजही टिकून आहेत. चांगल्या मोजमापाचे आयुष्य सिद्धांतापेक्षा मोठे असू शकते.

आता १३० वर्षे पुढे येऊ. १९२२ साली ब्रिटिश गिर्यारोहकांची तुकडी एव्हरेस्टवर निघाली. त्यांच्या अंगावर लोकरीच्या कपड्यांचे थर होते. त्यांच्यात जॉर्ज इंगल फिंच हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने फुग्याच्या वाराप्रतिबंधक कापडात आयडरची पिसे भरून स्वतःसाठी गुडघ्यापर्यंत पोहोचणारा कोट तयार करवला. सोबत्यांनी त्याची थट्टा केली. पर्वतावरचे वारे सुरू झाल्यावर थट्टा थांबली आणि हेवा सुरू झाला. २७ मे १९२२ रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साहाय्याने सुमारे २७,३०० फुटांपर्यंत पोहोचले. त्याआधी इतक्या उंचीवर कोणीही चढले नव्हते. तरीही १९२४ च्या मोहिमेत फिंचला घेतले गेले नाही. त्याची कारणे अनेक होती, पण रूढ मार्ग सोडणाऱ्या या माणसाबद्दल मंडळींच्या मनात अढी होती, हे खरे.

या फिंचशी आपलाही संबंध आहे. १९५२ ते १९५७ या काळात तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ पिसांचे कपडेही होते आणि प्राणवायूही. एकेकाळी थट्टेचा विषय झालेल्या दोन्ही गोष्टी! तेव्हा फिंच पुण्यात होता.

आज हिमालयात जाणारे विद्यार्थी आणि थंड देशांत राहणारे आपले नातेवाईक पिसांच्या दुलया वापरतात. ती निवडायची कशी? रम्फर्डचे आकडे लक्षात असले, की उत्तर आपोआप मिळते. वजन पाहू नये, फुगवटा पाहावा. दुलईवर फुगवट्याचा आकडा दिलेला असतो. एक औंस पिसे ठराविक हलक्या दाबाखाली किती घनइंच जागा व्यापतात, ते हा आकडा सांगतो. ५०० ते ६०० हा साधारण दर्जा आणि ८०० च्या वरचा उत्तम. ८०० चा अर्थ असा, की २८ ग्रॅम पिसे सुमारे १३ लिटर जागा व्यापतात. पिसांच्या पदार्थाची, म्हणजे केराटिनची, घनता दर घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली, तर त्या १३ लिटरमध्ये पिसांचा वाटा फक्त २२ घनसेंटिमीटर येतो. म्हणजे सहाशे भागांत एक भाग पीस, बाकी सगळी हवा! हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे.

कापड घट्ट विणीचे असावे, नाहीतर पिसे बाहेर येतात. वरचे आणि खालचे कापड एकमेकांना थेट शिवलेले असेल, तर शिवणीपाशी जाडी शून्य होते आणि तेथून उष्णता निसटते. आत उभ्या पट्ट्या घालून कप्पे केलेली दुलई म्हणून अधिक उबदार. आणखी एक गोष्ट. बाजारातील बहुतेक पिसे मांसासाठी पाळलेल्या बदकांची आणि हंसांची असतात, पण काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून ओरबाडली गेली आहेत. तसे केलेले नाही असे प्रमाणपत्र असलेली दुलई घ्यावी.

निगा राखण्याचे तत्त्वही तेच, हवा टिकवणे. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे पंचवीस पट असते. शिवाय ओले तंतू एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून दुलईला खोळ घालावी, रोज झटकावी, मधूनमधून वारा द्यावा आणि धुण्याची वेळ क्वचितच येऊ द्यावी. केराटिन हे केसांसारखेच प्रथिन असल्यामुळे धुण्याचा सोडा किंवा प्रथिने विघटित करणारी विकरे असलेली पावडर वापरू नये, सौम्य साबण वापरावा. पिळू नये, ओली असताना दोरीवर टांगू नये. यंत्रात वाळवताना उष्णता कमी ठेवावी आणि सोबत दोन-तीन टेनिसचे चेंडू टाकावेत. त्यांच्या माराने गोळे फुटतात. यंत्र नसेल तर वाऱ्यावर पसरून, वारंवार हलवून, आतले गोळे हाताने सोडवत पूर्ण कोरडी होईपर्यंत धीर धरावा. ठेवताना दाबून बांधू नये, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

दारावर येणारा पिंजारी जुन्या गादीतला दबलेला कापूस पिंजून फुलवत असे. तो कापूस वाढवत नव्हता, त्यात पुन्हा हवा भरत होता. वर्गात हे सहज दाखवता येईल. एकाच मापाचे, गरम पाण्याने भरलेले तीन डबे घ्यावेत. प्रत्येकासाठी सारख्याच वजनाचा कापूस घ्यावा. पहिल्याभोवती तो पिंजून सैल ठेवावा, दुसऱ्याभोवती दाबून बांधावा, तिसऱ्याभोवती ओला करून लावावा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहून आलेख काढावा. उत्तर आधी सांगू नये. रम्फर्डप्रमाणे मुलांनाही ते तापमापकाकडूनच ऐकू द्यावे.