मळके एप्रन आणि एक साक्ष

२२ जून १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर मायक्रोफोनवर झडप घालणारा लाल पंजा. आत रेडिओ-टेलिव्हिजनशी संबंधित १५१ जणांची नावं. त्यांतल्या ४१ स्त्रिया. प्रत्येक नावाखाली ‘असे वृत्त आहे’ एवढीच सुरुवात, मग एका बाजूला संघटना, दुसऱ्या बाजूला तिच्याशी असलेला कथित संबंध. कम्युनिस्ट हा शिक्का नावावर थेट मारलेला नाही. पानं वाचून प्रायोजकांनी काय ते समजायचं.

या यादीत पियानोवादक हेझल स्कॉट होती. १९२० साली त्रिनिदादमध्ये जन्मलेली, हार्लेममध्ये वाढलेली. हॉलिवुडमध्ये तिने मोलकरणीच्या भूमिका नाकारल्या. १९४३च्या ‘द हीट्स ऑन’ या चित्रपटात आपापल्या माणसांना युद्धावर पाठवणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना मळके एप्रन घालायला लावले होते. प्रियकराला निरोप द्यायला कुठली बाई मळक्या कपड्यांत जाईल? हेझल तीन दिवस चित्रीकरणाला उभी राहिली नाही. एप्रन निघाले, पण हॉलिवुडचं कामही हळूहळू बंद झालं. मला वाटतं, तिची पुढची साक्ष समजून घ्यायची तर आधी हे एप्रन डोळ्यांसमोर हवेत.

यादी निघाल्यावर अकराच दिवसांनी, ३ जुलैला, ड्यूमाँट नेटवर्कवर ‘द हेझल स्कॉट शो’ सुरू झाला. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. नेटवर्कवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ती एक.

२२ सप्टेंबरला ती अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे गेली. समन्स नव्हतं, तिने स्वतःच वेळ मागून घेतली होती. छापील साक्षीत तिचं नाव हेझल स्कॉट पॉवेल असं आहे; पॉवेल हे नवऱ्याचं आडनाव, आणि तो त्याच संसदेचा सदस्य. आपण जाणूनबुजून कम्युनिस्ट पक्षाशी कधीच संबंध ठेवला नाही, असं तिने सांगितलं. न्यूयॉर्कच्या नगरपरिषद निवडणुकीत कम्युनिस्ट बेंजामिन डेव्हिसला पाठिंबा दिल्याचं मात्र लपवलं नाही. आणि बचावावर न थांबता ती यादी करणाऱ्यांवर उलटली: क्षुद्र माणसांनी केलेल्या बदनामीपायी कलावंतांना मोडीत काढू नका, असं तिने समितीला तोंडावर सुनावलं. बोलावणं नसताना जाऊन असं बोलायला केवढं धैर्य लागलं असेल!

२९ सप्टेंबरला, बरोबर आठवड्याने, कार्यक्रम बंद झाला. या तारखांची सांगड योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही.

त्या कार्यक्रमाचं एकही चित्रण आज ज्ञात नाही. ड्यूमाँटची चित्रणं ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत टाकली गेली, असं अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्सने १९९६ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसपुढे सांगितलं. हेझलची बोटं ऐकायची तर चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्यासोबतची १९५५ची ध्वनिमुद्रिका आहे. त्यानंतर काही वर्षांतच ती पॅरिसला राहायला गेली.