मागणारी मुले : कारेल आपेलची एक भिंत

डच भाषेत 'फ्राखन' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'विचारणे' असा होतो आणि 'मागणे' असाही होतो. मराठीने या दोन कृतींना दोन स्वतंत्र शब्द दिले असल्यामुळे डच शिल्पकार आणि चित्रकार कारेल आपेल (१९२१-२००६) याच्या 'फ्राखेन्डे किन्डरेन' या कृतीचे नाव मराठीत आणताना आपली पंचाईत होते. 'प्रश्न विचारणारी मुले' म्हटले तर त्यांची भूक हरवते. 'मागणारी मुले' म्हटले तर त्यांचा प्रश्न हरवतो. १९४९ साली ॲमस्टरडॅमच्या नगरभवनातील उपाहारगृहाच्या भिंतीवर आपेलने ही मुले रंगवली, आणि तिथे जेवणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ती फार काळ सहन केली नाहीत. आपेलच्या दीर्घ कारकिर्दीत याहून मोठ्या आणि याहून गाजलेल्या कृती आहेत. तरीही त्याला समजून घ्यायचे तर या भिंतीपाशीच थांबावे लागते, असे मला वाटते.

आपेलचा जन्म २५ एप्रिल १९२१ रोजी ॲमस्टरडॅममध्ये झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. मुलाने दुकानात उभे राहावे ही त्यांची साधी अपेक्षा होती. चित्रकला हा पोट भरण्याचा मार्ग आहे, हे घरात कुणालाच पटणारे नव्हते. जर्मन अंमलाच्या काळात तो ॲमस्टरडॅमच्या राजकीय कला अकादमीत शिकला. तिथेच त्याला कॉर्नेय हा पुढच्या वाटचालीतला सोबती भेटला. जर्मन कारखान्यांत मजुरीसाठी तरुणांची धरपकड चालू होती, त्यामुळे घर सोडणे आणि लपून राहणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या. १९४४-४५ चा हिवाळा नेदरलँड्सच्या इतिहासात 'भुकेचा हिवाळा' म्हणून नोंदला गेला आहे. देशाच्या पश्चिम भागात हजारो माणसे अन्नावाचून मेली. आपेलच्या मुलांविषयी बोलताना हा हिवाळा विसरून चालत नाही, कारण चित्रकार आणि त्याचे चित्र झाकायला लावणारे कर्मचारी असे दोघेही त्याच हिवाळ्यातून बाहेर आलेले होते.

युद्धानंतरच्या तरुण कलावंतांना प्रस्थापित अभिरुचीबद्दल विलक्षण तिटकारा होता. ज्या सुसंस्कृत युरोपने हे सारे घडू दिले, त्याच्या कलेचे संकेत आपण का पाळावेत, असा त्यांचा प्रश्न होता. जुलै १९४८ मध्ये आपेल, कॉन्स्टंट आणि कॉर्नेय यांनी काही सहकाऱ्यांसह हॉलंडमध्ये प्रायोगिक गट स्थापन केला. ८ नोव्हेंबर १९४८ रोजी पॅरिसमधील एका कॅफेत डेन्मार्कचा आस्गर योर्न, बेल्जियमचे दोत्रमाँ आणि न्वारे यांच्यासह 'कोब्रा'चा जन्म झाला. कोपनहेगन, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम या तीन शहरांच्या आद्याक्षरांवरून बेतलेले हे नाव. लहान मुलांची चित्रे, लोककला, मनोरुग्णांनी काढलेल्या आकृती यांत त्यांना अकादमीने न बिघडवलेली अभिव्यक्ती दिसत होती. कोब्राचे आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे; १९५१ मध्ये तो गट विसर्जित झाला.

याच सुमारास आपेल डेन्मार्कच्या प्रवासाला गेला. आगगाडी उद्ध्वस्त जर्मनीतून जात होती आणि स्थानकांवर मुले खाण्यासाठी हात पसरून उभी होती. शत्रूराष्ट्राची मुले! हे दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. टाकाऊ लाकडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकून, त्यांवर भडक रंग देऊन त्याने त्या मुलांची उत्थित शिल्पे केली. यांतले एक आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. लाकडाचा ओबडधोबड तुकडा म्हणजे धड, त्यावर रंगाने काढलेले डोळे, बस्स. चित्र कुठे संपते आणि शिल्प कुठे सुरू होते, हे सांगणे अवघड. नगरभवनाच्या भिंतीवर आले ते याच मुलांचे सपाट रूप. ठोकळ्यांसारखी शरीरे, वाटोळी डोकी आणि समोरच्याकडे रोखून पाहणारे डोळे.

कर्मचाऱ्यांची तक्रार अशी, की या मुलांसमोर घास घशाखाली उतरत नाही. अखेर नगरपालिकेने भिंत झाकून टाकली. पुढची दहा वर्षे ती झाकलेलीच राहिली.

कलेच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा अरसिक कारकून विरुद्ध द्रष्टा कलावंत असा सांगितला जातो. मला ही मांडणी अपुरी वाटते. ज्यांनी चार वर्षांपूर्वी उपास काढले होते, त्यांना दुपारच्या जेवणाच्या वेळी भुकेल्या मुलांकडे पाहायला लावणे ही साधी गोष्ट नव्हे. संग्रहालयातल्या चित्रापुढून आपण पाच मिनिटांत पुढे सरकतो; उपाहारगृहाची भिंत रोज समोर असते आणि तिच्यासमोर बसण्याचा निर्णय आपला नसतो. 'हे आम्हांला कळत नाही' अशी तक्रार त्यांनी केली असती तर त्यांना अरसिक म्हणता आले असते. घास उतरत नाही असे ते म्हणाले, म्हणजे चित्राचा आशय त्यांना नेमका पोचला होता. खरे तर त्या काळी आपेलचे चित्र इतके अचूक वाचणारे समीक्षक फारसे नव्हते.

आपेलच्या बाजूने जे उभे राहिले, त्यांत आल्डो फान आइक हा तरुण वास्तुशिल्पी प्रमुख. भिंत झाकण्याविरुद्ध त्याने १९५० मध्ये एक पत्रक काढले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'कल्पनाशक्तीला आवाहन'. डच भाषेत 'आपेल' म्हणजे सफरचंद, आणि किंचित वेगळ्या उच्चाराने आवाहनही. त्यामुळे शीर्षकात चित्रकाराचे आडनावही आपोआप गुंफले गेले. हाच फान आइक १९४७ पासून ॲमस्टरडॅमच्या मोकळ्या जागांवर मुलांसाठी क्रीडांगणे आखत होता. मुलांना शहरात जागा मिळावी, हा त्याचा ध्यासच होता.

नोव्हेंबर १९४९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात कोब्राचे मोठे प्रदर्शन भरले. मांडणी फान आइकची, तर पाठबळ संचालक विलेम सांडबर्ख यांचे. वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे, की या प्रदर्शनात लुसेबर्ट, काउवेनार, एल्बुर्ख हे प्रायोगिक कवीही सामील होते आणि त्या निमित्ताने झालेल्या काव्यसभेचा शेवट हाणामारीत झाला. डच कवितेत पुढे 'पन्नाशीचे कवी' म्हणून ओळखली गेलेली पिढी ती हीच. ह्यूगो क्लाउस या फ्लेमिश लेखकाबरोबर आपेलने १९५० मध्ये शब्द-चित्रांचे एक पुस्तकही केले. चित्रकार आणि कवी यांनी एकाच वेळी, एकाच त्वेषाने भाषा मोडायला घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

१९५० मध्ये आपेल पॅरिसला गेला. यानंतरची कहाणी यशाची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. १९५४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात युनेस्को पारितोषिक, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन, १९५७ पासून अमेरिकेच्या वाऱ्या आणि तिथल्या जाझ वादकांची व्यक्तिचित्रे, १९६० मध्ये गुगेनहाइम पारितोषिक. पाठोपाठ भिंतीही चालून आल्या. सांडबर्ख यांनी १९५१ मध्ये स्टेडेलिकमधील कॉफीपानाची खोली त्याच्या हवाली केली. त्याने भिंतींसह छतही रंगवले. १९५८ मध्ये पॅरिसच्या युनेस्को भवनातील उपाहारगृहासाठी त्याने भित्तिचित्र केले. खाण्यापिण्याच्या जागाच त्याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आल्या, हा योगायोग गमतीचा आहे. मात्र या नंतरच्या भिंतींनी कुणाच्या जेवणात व्यत्यय आणल्याचे ऐकिवात नाही. रंग तेच, जोमही तोच. मागणारे डोळे मात्र तिथे नव्हते.

१९६१ मध्ये यान फ्रायमन याने आपेलवर काढलेल्या लघुपटात तो कॅनव्हासवर रंगाचे घाव घालताना दिसतो. मी आपला नुसता गोंधळ घालतो, अशा आशयाचे त्याचे उद्गार हॉलंडमध्ये म्हणीसारखे झाले आणि निंदकांना आयते हत्यार मिळाले. लघुपटाला १९६२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले, पण त्याने रूढ केलेली रांगड्या चित्रकाराची प्रतिमा अर्धवट आहे. याच सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये ऑलिव्हच्या झाडांचे बुंधे आणि मुळ्या रंगवून त्याने केलेली शिल्पे पाहावीत. लाकडाच्या मूळ आकारात दडलेला प्राणी किंवा चेहरा ओळखायचा आणि रंगाने तेवढाच उघडा करायचा, ही पद्धत १९४९ च्या ठोकलेल्या लाकडांचीच पुढची पायरी आहे. इथे घाव कमी आणि पाहणे जास्त आहे. शिल्पकार आपेलकडे समीक्षेने दिले त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे होते.

नगरभवनाची ती भिंत १९५९ मध्ये पुन्हा उघडी करण्यात आली. तोवर आपेल जगप्रसिद्ध झाला होता. १९८८ मध्ये नगरपालिका नव्या इमारतीत गेली आणि जुन्या वास्तूत पुढे एक आलिशान हॉटेल सुरू झाले. आपेल ३ मे २००६ रोजी झ्यूरिखमध्ये वारला. त्याचे दफन पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत झाले. नगरभवनातील चित्र हॉटेलवाल्यांनी जपले आणि आज ते त्या हॉटेलचे एक आकर्षण मानले जाते.